गंभीर मलेरिया: थेंबभर रक्तात न मावणारा आजार

मलेरियाचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी जंतूंच्या आकड्याकडे जाते. जंतू थोडेच आहेत असं वाचलं की घरच्यांना हायसं वाटतं. पण गंभीर मलेरियात हा आकडा दगा देतो. दोनशे तांबड्या पेशींमागे जेमतेम एखादीत जंतू सापडलेला रुग्ण बेशुद्ध पडून दगावू शकतो. त्याच्या पाच-सहा पट जंतू असलेला दुसरा स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि गोळ्या घेऊन बरा होतो. असं का होतं हे नीट कळलं, की निदान कसं करायचं, कुठलं औषध आधी द्यायचं आणि सलाइनला हात का आखडायचा, हे सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी आजाराचा आवाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले बहुतेक मृत्यू आफ्रिकेतले आणि त्यात पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त. वेळेवर औषध मिळालं तर पूर्ण बरा होणारा हा आजार आहे. म्हणूनच हे आकडे फार लागतात.

जंतू लपतो कुठे आणि कशासाठी

डासाच्या लाळेतून आलेले जंतू आधी यकृतात शिरतात आणि तिथे आठवडाभर गुपचूप वाढतात. या काळात ताप नसतो, थंडी नसते, रक्तातही काही सापडत नाही. मग ते रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींमध्ये घुसतात. माणसाला मलेरिया देणाऱ्या जंतूंच्या पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी सर्वांत घातक म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपॅरम. गंभीर मलेरियाचे बहुतेक रुग्ण याच जातीचे असतात.

तांबड्या पेशीच्या आत फाल्सिपॅरमचं एक चक्र साधारण ४८ तासांचं असतं. पहिले सोळा-वीस तास जंतू कोवळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक कड्यासारखा दिसतो, त्यामुळे लॅबमध्ये त्याला ‘रिंग’ म्हणतात. या अवस्थेत पेशी अजून मऊ असते आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. पुढे जंतू वाढतो, पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि पेशी ताठर होते. अशी ताठर पेशी रक्त गाळणाऱ्या प्लीहेतून जायला लागली की प्लीहा तिला ओळखते आणि काढून टाकते. जंतूला हे परवडणारं नसतं. मग तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे उभे करतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन आणून बसवतो. त्या प्रथिनाच्या जोरावर ही पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला गोचडीसारखी धरून बसते. आता प्लीहेची भीती उरत नाही. चक्र संपलं की पेशी फुटते, तिच्यातून साधारण आठ ते चोवीस नवे जंतू बाहेर पडतात आणि शेजारच्या निरोगी पेशी धरतात.

गंभीर मलेरियाचं मूळ या चिकटण्यात आहे. मेंदू, आतडी, मूत्रपिंडं, फुप्फुसं, गर्भवतीच्या बाबतीत वार, जिथे जिथे केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे तिथे रक्त पुढे सरकेनासं होतं. बाधित पेशी एकमेकींना आणि निरोगी पेशींनाही चिकटतात. निरोगी पेशींचाही लवचीकपणा कमी होतो. हृदय ठीक चाललेलं असतं, मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तही असतं, पण पेशींच्या दारात प्राणवायू पोचत नाही. मग ऊतींमध्ये लॅक्टिक आम्ल साठायला लागतं.

आता त्या आकड्याकडे परत येऊ. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात वाहते जंतू येतात, म्हणजे बहुतेक करून कोवळे. भिंतींना धरून बसलेले पोक्त जंतू, ज्यांनी अवयव बंद पाडायला घेतलेत, ते या मोजणीत येतच नाहीत. प्रौढ माणसाच्या पाच लिटर रक्तात अंदाजे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. त्यांतल्या एक टक्का बाधित आहेत असं स्लाइड सांगते तेव्हा फक्त वाहत्या जंतूंचीच संख्या २५ हजार कोटी असते. लपलेले त्याहून कमी असतील किंवा कित्येक पट जास्तही. म्हणून आकडा मोठा असेल तर घाबरायलाच हवं, पण आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

गंभीर कधी म्हणायचं

मलेरियाची सुरुवात साध्या तापासारखीच होते: डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या, थकवा. एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा ताप हे पुस्तकातलं चित्र फाल्सिपॅरममध्ये पुष्कळदा दिसत नाही. ताप कसाही चढतो-उतरतो, आणि तपासायच्या वेळी अंग गारही असू शकतं. मलेरिया असलेल्या भागात राहणाऱ्याला किंवा तिथून नुकत्याच आलेल्या माणसाला ताप असेल, तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ‘दोन दिवस वाट बघू’ या सल्ल्याने फाल्सिपॅरमला एक पूर्ण चक्र फुकट मिळतं.

रक्तात जंतू आहेत आणि त्याबरोबर एखाद्या अवयवाने हात टेकल्याची खूण आहे, की तो मलेरिया गंभीर. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या खुणांपैकी एक जरी सापडली तरी पुरे. त्यातल्या काहींना लॅब लागते. रक्तातली साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली, मूत्रपिंडं किती काम करतात हे सांगणारं क्रिएटिनिन ३ च्या वर, बारा वर्षांखालच्या मुलाचं हिमोग्लोबिन ५ किंवा त्याहून कमी आणि मोठ्यांचं ७ च्या खाली, लॅक्टेट (म्हणजे साठलेलं लॅक्टिक आम्ल) ५ किंवा त्याहून जास्त, दहा टक्क्यांहून जास्त पेशी बाधित. नुसती कावीळ गंभीर धरत नाहीत. बिलिरुबिन ३ च्या वर आणि सोबत जंतूही भरपूर असले तरच ती मोजतात.

पण ज्या खुणा आधी दिसतात त्यांना लॅब लागत नाही, आणि माझ्या मते त्या प्रत्येक पालकाला माहीत असायला हव्यात. पहिली म्हणजे गळून जाणं. काल बसणारं मूल आज आधाराशिवाय बसत नाही, तान्हं बाळ अंगावर पीत नाही, मोठा माणूस उठून दोन पावलं टाकू शकत नाही. तापाने आलेली मरगळ म्हणून हे सोडून देऊ नये. दुसरी खूण झटक्यांची. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त वेळा झटके आले तर तो मलेरिया गंभीरच. लहान मुलांत झटका नेहमी अंग ताठ करून येत नाही. डोळे एका बाजूला वळून स्थिर होतात, ओठाचा एक कोपरा किंवा एखादं बोट बारीक थरथरत राहतं, लाळ गळते, श्वास मध्येच अडखळतो. मूल शांत झोपलंय असं वाटतं, आणि आत मेंदूत झटका चालूच असतो.

सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जाणारं लक्षण श्वासाचं आहे. रक्तात आम्ल वाढलं की शरीर ते श्वासावाटे कमी करायला बघतं, त्यामुळे मूल खोल आणि जोरजोरात श्वास घेतं, छाती भात्यासारखी चालते. बघणाऱ्याला वाटतं न्यूमोनिया. स्टेथोस्कोप लावावा तर छाती बरेचदा साफ असते. मलेरियाच्या मुलात असा श्वास दिसला तर आम्लता बरीच वाढलेली आहे असं समजावं. बेशुद्धीइतकाच हाही मृत्यूचा मोठा इशारा आहे.

शुद्ध किती आहे हे मोजायची रीत ठरलेली आहे. मोठ्यांसाठी ग्लासगो कोमा स्केल, त्यात पंधरापैकी अकराच्या खाली गुण आले तर मलेरिया गंभीर. बोलता न येणाऱ्या लहान मुलांना ती पद्धत लागू पडत नाही, म्हणून मलावीतल्या ब्लँटायर शहरात काम करणाऱ्या डॉक्टरांनी पाच गुणांची सोपी मोजणी तयार केली. मुलाची नजर आईच्या चेहऱ्यामागे फिरते का, हे एका गुणाचं. छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं दाबून चोळायची. हात दुखऱ्या जागेपर्यंत आला तर दोन गुण, नुसतंच अंग आखडलं तर एक, काहीच नाही तर शून्य. नीट रडलं तर दोन, नुसतं कण्हलं तर एक. एकूण गुण तीनच्या खाली असतील तर मूल कोमात आहे. पण हा निकाल देण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. रक्तातली साखर बघायची आणि कमी असेल तर भरून काढायची. आणि झटका येऊन गेला असेल तर अर्धा तास थांबून पुन्हा मोजायचं, कारण झटक्यानंतरची गुंगी कोमासारखीच दिसते.

मोठ्यांत आणि मुलांत या आजाराचा चेहरा वेगळा असतो. मुलांत झटके, कोमा, साखर उतरणं आणि तीव्र रक्तक्षय जास्त. प्रौढांत मूत्रपिंडं निकामी होणं, कावीळ आणि फुप्फुसात पाणी भरणं जास्त. प्लेटलेट दोघांतही उतरतात, त्यामुळे रिपोर्ट बघून डेंग्यूचा निष्कर्ष काढला जातो आणि मलेरियाची तपासणी मागे पडते. उतरलेल्या प्लेटलेट मलेरियातही नेहमीच्याच आहेत, आणि जंतू मेले की बहुधा आपोआप चढतात.

स्लाइड आणि किट

मलेरियाचं निदान अजूनही काचेच्या पट्टीवरच्या रक्ताच्या थेंबावर चालतं. फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हराँ यांनी १८८० साली अल्जीरियात एका रुग्णाच्या रक्तात हा जंतू पहिल्यांदा पाहिला. चांगला टेक्निशियन एकाच पट्टीवर दोन थर करतो. जाड थर इतकाच जाड हवा, की छापील मजकुरावर पट्टी ठेवली तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत. या थरावर मेथेनॉल लागू द्यायचं नाही. रंग देताना त्यातल्या तांबड्या पेशी फुटून जातात आणि मागे जंतू आणि पांढऱ्या पेशी उरतात. कमी जागेत पुष्कळ रक्त बघून होतं, त्यामुळे जंतू आहे की नाही हे जाड थर सांगतो. पातळ थर मेथेनॉलने पक्का करतात. त्यात पेशी अखंड राहतात आणि जंतूची जात आणि वय कळतं.

वय कळणं फार कामाचं आहे, आणि रिपोर्टवर ते क्वचितच लिहिलेलं असतं. बोटातल्या थेंबात फक्त रिंग दिसल्या तर एक वेळ ठीक. पण काळपट-तपकिरी कण भरलेले पोक्त जंतूही वाहत्या रक्तात मोठ्या संख्येने दिसायला लागले, तर आत लपलेला साठा फार मोठा आहे असं समजायचं. तेच कण पांढऱ्या पेशींच्या पोटात दिसले तर तेही वाईट लक्षण, कारण नुकतेच पुष्कळ जंतू फुटून गेल्याची ती खूण असते. हे सगळं त्याच पट्टीवर असतं, त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही.

पट्टी वाचणारा माणूस नसेल तिथे रॅपिड किट. पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. फाल्सिपॅरमची बहुतेक किटं एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतात. जंतू लपला तरी हे प्रथिन रक्तात सुटत राहतं, ही किटची जमेची बाजू. मात्र जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे मागच्या महिन्यात बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. औषध लागू पडतंय की नाही हे किटवर कळत नाही, त्यासाठी पट्टीच हवी. उलटी अडचणही आहे. काही फाल्सिपॅरम जंतूंतून हे प्रथिन बनवणारा जनुकच गळून गेलाय. पेरूमध्ये असे जंतू २०१० साली नोंदले गेले, आणि आता एरिट्रिया, इथिओपिया या भागांत ते मोठी डोकेदुखी झालेत. तिथे या किटने मलेरिया हुकतो.

म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि रुग्णाची अवस्था मलेरियाचीच सांगत असेल, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासायचं, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही. रुग्ण गंभीर असेल तर मात्र या वाट बघण्यात औषध अडकवून ठेवायचं नाही.

याच्या अगदी उलटी चूकही होते. जंतू सापडला म्हणजे बेशुद्धीचं कारणही तोच, असं धरून चालतात. ज्या भागात मलेरिया कायमचा आहे तिथे धडधाकट मुलांच्या रक्तातही जंतू असतात. मलावीत कोमातल्या मलेरियाने गेलेल्या ३१ मुलांच्या मृतदेहांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली छापून आले. त्यातल्या सात मुलांच्या मृत्यूचं कारण दुसरंच निघालं. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की डोळ्याच्या पडद्यावर पांढुरके डाग, मध्ये पांढरट ठिपका असलेले रक्तस्राव आणि रंग उडालेल्या रक्तवाहिन्या दिसत असतील तर मेंदूत खरोखरच जंतू साठलेले असतात. डोळ्याचा पडदा ही मेंदूतल्यासारख्या रक्तवाहिन्या उघड्या बघण्याची एकमेव जागा आहे. तिथे बघायला साधन आणि शिकलेला डोळा लागतो, आणि तो सगळीकडे नसतो. तोवर व्यवहार असा: मलेरियाचं औषध सुरू करायचं, मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची, शंका असेल तर त्याचं अँटिबायोटिकही सुरू करायचं, आणि झेपेल तेव्हा पाठीतलं पाणी तपासायचं.

आर्टेसुनेट का

गंभीर मलेरियावर जवळजवळ साडेतीनशे वर्षं एकच आधार होता, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन. ते गुणकारी आहे, पण मुख्यतः पोक्त जंतूंवर, म्हणजे जे आधीच भिंतीला चिकटलेत त्यांवर. कोवळ्या रिंग त्यातून निसटतात, वाढतात आणि जाऊन चिकटतात. शिवाय क्विनीन स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतं आणि आधीच उतरलेली साखर आणखी उतरवतं. ते थेट शिरेत झटकन टोचलं तर हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे प्रत्येक डोस सलाइनमधून तासन्‌तास सोडावा लागतो.

क्विनीनच्या जागी आलेलं आर्टेसुनेट रिंगनाही मारतं. चिकटण्याआधीच जंतू मेला तर पुढची सगळी साखळी थांबते, आणि मेलेले जंतू प्लीहा पेशीतून उपसून टाकते. हे औषध आर्टेमिसिनिनपासून बनतं. चिनी वैद्यकात तापासाठी वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतून शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळं काढलं. वनस्पती उकळली की गुण नाहीसा होत होता. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलंय, हे वाचून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

हा कागदावरचा तर्क माणसांवर खरा ठरला. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००५ साली आले. क्विनीन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. शंभर रुग्णांमागे सात जीव, केवळ औषध बदलून. पुढे आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५४२५ मुलांवर तीच तुलना झाली, आणि २०१० साली तिथेही मृत्यूचं प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आलेलं दिसलं. तेव्हापासून लहान असो, मोठा असो, गर्भवती असो, आणि गर्भाचा कुठलाही महिना असो, गंभीर मलेरियाचं पहिलं औषध शिरेतून आर्टेसुनेट हेच आहे. ते खरोखरच मिळत नसेल तर त्याच कुळातलं आर्टेमेथर किंवा क्विनीन.

द्यायची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे, कारण घाईत चुका इथेच होतात. नेहमीच्या कुपीत ६० मिलिग्रॅम कोरडी पूड असते आणि सोबत सोडियम बायकार्बोनेटची छोटी कुपी. आधी बायकार्बोनेटचा एक मिलिलिटर पुडीत सोडून द्रावण पूर्ण नितळ होईपर्यंत हलवायचं. गढूळ राहिलं तर ते टाकून द्यायचं. मग शिरेतून देण्यासाठी त्यात पाच मिलिलिटर सलाइन किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज घालायचं, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध येतं. हे द्रावण टिकत नाही. तासाभरात वापरायचं, नंतरच्या डोससाठी ठेवायचं नाही. वीस किलो आणि त्यावरच्या रुग्णाला दर किलोला २.४ मिलिग्रॅम, वीस किलोच्या आतल्या मुलाला दर किलोला ३ मिलिग्रॅम, कारण लहान शरीरात औषध लवकर खर्ची पडतं. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजेच साडेचार मिलिलिटर, सावकाश शिरेतून. पहिल्या डोसनंतर बारा तासांनी दुसरा, चोवीस तासांनी तिसरा आणि पुढे रोज एक. शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूत देता येतं, फक्त द्रावण कमी पातळ करायचं. पहिल्या चोवीस तासांतले तिन्ही डोस पूर्ण करायचेच, रुग्ण मध्येच उठून बसला तरी.

आणि इतकं देऊन थांबायचं नाही. आर्टेसुनेट आणि शरीरात त्यापासून तयार होणारं औषध काही तासांत निघून जातं. मागे राहिलेले मोजके जंतू पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून रुग्ण गिळू लागला की तीन दिवसांचा संयुक्त गोळ्यांचा, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या कुळातल्या औषधाला दुसऱ्या औषधाची जोड असलेल्या गोळ्यांचा, पूर्ण कोर्स द्यायचा. हा कोर्स न देता घरी पाठवणं म्हणजे तोच आजार परत बोलावणं. कोमातून बाहेर आलेल्यांना मेफ्लोक्वीन असलेलं मिश्रण टाळतात, कारण त्याने मानसिक त्रास उद्भवू शकतो.

मोठं रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असेल तर सहा वर्षांखालच्या मुलाला निघण्याआधी गुदद्वारातून आर्टेसुनेटची कॅप्सूल देता येते. त्याने प्रवासापुरता वेळ मिळतो. कॅप्सूलने ताप उतरतो, मूल डोळे उघडतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. तिथेच प्रवास थांबला तर कॅप्सूलचा सगळा उपयोग वाया जातो. ती देणाऱ्याने पुढे जायची सोयही लावून द्यायला हवी.

हात आखडण्याचं शहाणपण

गंभीर मलेरियाची शुश्रूषा बरीचशी ‘काय करू नये’ यावर उभी आहे, आणि हे धडे फार महागात शिकले गेलेत. मेंदूला सूज असेल म्हणून स्टेरॉइड द्यायचे. १९८२ साली थायलंडमधल्या चाचणीत दिसलं, की त्याने जीव तर वाचत नाहीत, उलट कोमा लांबतो. झटके येऊच नयेत म्हणून आधीपासून फिनोबार्बिटल द्यायचे. केनियातल्या मुलांच्या चाचणीत त्या गटातले मृत्यू दुपटीहून वाढले, कारण श्वास बंद पडत होता. झटका आला की लगेच थांबवायचा, पण येईल म्हणून आधी औषध टोचून ठेवायचं नाही. मेंदूची सूज उतरवायला देतात त्या मॅनिटॉलचाही फायदा दिसला नाही. शरीरातलं रक्त बदलून टाकण्याची पद्धतही मागे पडली.

सर्वांत मोठा धक्का सलाइनने दिला. हातपाय गार, नाडी बारीक, लॅक्टेट वाढलेलं, हे चित्र दिसलं की भराभर सलाइन चढवायचं हे डॉक्टरांच्या हाडीमाशी भिनलेलं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त गंभीर आजारी मुलांवर हे तपासून पाहिलं गेलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता. २०११ साली निकाल आला. भराभर सलाइन चढवलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्के ४८ तासांत गेली, सावकाश दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. मलेरियापुरतं याचं कारण वर आलंच आहे: केशवाहिन्या पाण्याच्या कमतरतेने बंद पडलेल्या नसतात, त्या चिकटलेल्या पेशींनी भरलेल्या असतात. वरून पाणी ओतलं तर ते तिथून पुढे जात नाही, फुप्फुसात मात्र झिरपतं. प्रौढ रुग्ण तर जंतू कमी होत असतानाही फुप्फुसात पाणी भरून दगावतो. म्हणून द्रव मोजून, माणूस बघून, लघवीचा हिशोब ठेवून द्यायचे. रक्तदाब खरोखर कोसळला असेल तर गोष्ट वेगळी.

जे करायचं ते मात्र चिकाटीने करायचं. साखर दर काही तासांनी बघायची, कारण बेशुद्ध रुग्ण भूक लागली असं सांगत नाही आणि गर्भवतीत ती विशेष लवकर उतरते. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रक्त द्यायचं. मूत्रपिंडं थांबली तर डायलिसिस लवकर सुरू करायचं. तेवढे दिवस तग धरला तर ती बहुधा पूर्ववत होतात. गंभीर मलेरिया झालेल्या मुलाला अँटिबायोटिकही द्यायचं, कारण मलेरियाच्या आडून रक्तात जिवाणू शिरलेले असतात आणि सुरुवातीला दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

बरं झाल्यावरचे चार आठवडे

जंतूंची मोजणी पहिल्या बारा तासांत थोडी वाढली तरी घाबरायचं कारण नाही. आधीच चिकटून बसलेले जंतू त्या काळात फुटत असतात. त्यानंतर आकडा झपाट्याने उतरायला हवा. तो रेंगाळला तर औषधाला कमी दाद देणाऱ्या जंतूंचा विचार करायचा. असे जंतू आधी कंबोडियाच्या परिसरात आणि आता रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रियातही सापडलेत. ते कोवळ्या अवस्थेतच औषध सोसतात, म्हणजे आर्टेसुनेटची जी खासियत तिलाच ते बोथट करतात. मलेरियाचं काम करणाऱ्यांना आज याचीच सर्वांत जास्त धास्ती आहे.

आर्टेसुनेटनंतरचा एक प्रकार रुग्णाला आणि घरच्यांना सांगायलाच हवा. प्लीहेने मेलेले जंतू उपसून काढलेल्या तांबड्या पेशी काही काळ जगतात, पण त्यांचं आयुष्य कमी झालेलं असतं. उपचारानंतर एक ते चार आठवड्यांत त्या एकदम फुटू शकतात. चांगला बरा झालेला माणूस पुन्हा पिवळा-पांढरा पडतो, दम लागतो, लघवी गडद होते. सुरुवातीला जंतू फार असलेल्यांत हे जास्त दिसतं. त्यामुळे घरी गेल्यावर चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायचं. ज्या मुलांना मलेरियाने तीव्र रक्तक्षय झाला होता, त्यांना मलेरिया जास्त असलेल्या भागात पुढचे काही महिने प्रतिबंधक औषध द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली, कारण घरी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत बरीच मुलं पुन्हा भरती होतात किंवा दगावतात.

कोमातून उठलेल्या मुलांकडे त्याहून जास्त काळ लक्ष ठेवावं लागतं. काहींना चालायला, बघायला, बोलायला त्रास राहतो. त्यातला बराचसा सहा महिन्यांत भरून येतो. पण युगांडातल्या एका अभ्यासात दोन वर्षांनंतरही चारांतल्या एका मुलाला लक्ष देण्यात किंवा लक्षात ठेवण्यात अडचण होती, आणि वरून बघताना ते मूल अगदी ठणठणीत दिसत होतं. असं मूल शाळेत मागे पडायला लागलं तर शिक्षकांना त्या आजाराबद्दल सांगावं, आणि झटके परत आले तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवावं.